ओठाच्या शस्त्रक्रियेनंतर बाळाला दूध पाजताना

दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या बाळाच्या बाबतीत सर्रास होणारी चूक म्हणजे त्याला कमी पाजणे. ओठावर टाक्यांची बारीक रेघ दिसते, तिच्यावर थोडे रक्त साकळलेले असते, नाक सुजलेले असते, आणि ते सारे पाहून घरातल्या कोणाचाही हात आखडतो. चमचा तोंडाजवळ नेला की बाळ रडते, रडले की टाके तुटतील या धास्तीने चमचा मागे घेतला जातो, आणि दिवसाअखेर पोटात जायला हवे त्याच्या निम्मेही दूध गेलेले नसते. वास्तविक टाक्यांवर खरा ताण येतो तो भुकेल्या बाळाच्या आकांताने. शिवाय जखम भरून यायला लागणारी प्रथिने आणि ऊर्जा दुधातूनच मिळायची असते. म्हणून बाळाचे पोट वेळच्या वेळी भरणे आणि ते भरताना शिवणीला कशाचाही धक्का न लागू देणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा साधाव्यात, याची माहिती येथे क्रमाने दिली आहे. ज्या सर्जनने शस्त्रक्रिया केली त्यांची सूचना येथे लिहिलेल्यापेक्षा वेगळी असेल, तर अर्थातच त्यांचीच सूचना पाळावी, कारण शिवण कशी घातली आहे आणि किती ताणावर बसली आहे हे फक्त त्यांना ठाऊक असते.

शस्त्रक्रियेच्या आधीची तयारी

ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे बाळ ३ ते ६ महिन्यांचे असताना केली जाते. यासाठी डॉक्टरांमध्ये तीन दहांचा एक जुना ठोकताळा आहे: वय किमान १० आठवडे, वजन किमान १० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन किमान १०. यातील वय आपोआप वाढते, परंतु वजन आणि रक्त हे पाजण्यावरच अवलंबून असल्यामुळे तारीख मिळण्याआधीपासूनच पाजण्याकडे लक्ष द्यावे लागते.

तारीख मिळाली की सर्जनना एक प्रश्न स्पष्टपणे विचारावा आणि उत्तर शक्य तो लिहून घ्यावे: शस्त्रक्रियेनंतर किती तासांनी पाजायचे, कशाने पाजायचे, आणि अंगावर पाजायला परवानगी आहे का? या बाबतीत सर्व सर्जनांची पद्धत सारखी नाही. काही जण त्याच दिवशी अंगावर घ्यायला सांगतात, तर काही जण आठ-दहा दिवस फक्त वाटी-चमच्याने किंवा सिरिंजने दूध द्यायला सांगतात. दुसऱ्या पद्धतीची शक्यता असेल, तर शस्त्रक्रियेच्या किमान आठ-पंधरा दिवस आधीपासून दिवसातून एक-दोन वेळा त्याच साधनाने पाजण्याचा सराव करावा. आजवर कधीही चमचा न पाहिलेल्या बाळाला भुलीतून बाहेर आल्यावर, दुखऱ्या तोंडाने, पहिल्यांदाच चमच्याशी ओळख करून देणे हा बाळावरही अन्याय आहे आणि आईवरही.

याच दिवसांत आईने दूध काढून ठेवण्याची सवय करावी. हाताने किंवा पंपाने काढलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात साध्या तापमानाला सुमारे ४ तास चांगले राहते. मात्र एप्रिल-मेच्या कोल्हापुरी उन्हाळ्यात ते त्याहून लवकर वापरावे किंवा लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि २४ तासांत संपवावे. फ्रिजमधले दूध गॅसवर तापवू नये. भांडे कोमट पाण्यात ठेवले की ते पुरेसे कोमट होते. शस्त्रक्रियेनंतर बाळाने ओढणे काही दिवस बंद ठेवावे लागले, तर दर तीन तासांनी दूध काढत राहणे भाग असते. तसे न केल्यास छाती गच्च होऊन दुखते आणि आठवड्याभरात दूधच कमी होते.

बाळाचे कपडेही आधीच पाहून ठेवावेत. डोक्यातून घालायचा बनियन काढता-घालताना नेमका ओठावरून घासत जातो, त्यामुळे पुढून बांधायची झबलीच सोबत घ्यावीत.

उपाशी ठेवण्याचे तास

भूल देण्याआधी पोट रिकामे असणे आवश्यक असते, नाहीतर पोटातले दूध वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. सर्वसाधारण नियम असा आहे की पावडरचे किंवा जनावराचे दूध ६ तास आधी, आईचे दूध ४ तास आधी आणि साधे पाणी २ तास आधी बंद करावे. शस्त्रक्रिया सकाळी आठ वाजता असेल, तर अंगावरचे शेवटचे पाजणे पहाटे चारच्या आत पूर्ण व्हायला हवे. त्यासाठी गजर लावून साडेतीनला उठावे आणि बाळ झोपेत असले तरी त्याला पाजून घ्यावे. ‘मध्यरात्रीनंतर काही देऊ नका’ असे कोणी मोघम सांगितले, तर भूलतज्ज्ञांना नेमकी वेळ विचारावी, कारण चार महिन्यांच्या बाळाला आठ-नऊ तास उपाशी ठेवण्याची गरज नसते. उलट शेजारच्या खाटेवरची आजी कळवळून ‘घोटभर द्या की’ म्हणाली, तरी ठरलेल्या वेळेनंतर थेंबही देऊ नये, आणि चुकून दिले गेले असेल तर ते न लपवता सांगावे. त्याने फार तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल.

शुद्धीवर आल्यानंतरचे पहिले पाजणे

बाळ पूर्ण जागे झाले, त्याचा श्वास नीट चालू असला आणि ते गिळू लागले की परिचारिका पाजायला सांगतात. तोपर्यंत शिरेतून सलाईन चालू असते, त्यामुळे घाई करण्याचे कारण नसते. पहिले पाजणे थोडेच असते: बाळ चार-पाच चमचे दूध घेते, थोडे बाहेर काढते, आणि थकून झोपते. पहिल्या दिवशी एका वेळी नेहमीच्या निम्मे दूध गेले तरी ते ठीक मानले जाते. भुलीमुळे एखादी उलटी होऊ शकते, आणि तिच्यात किंवा लाळेत तांबूस छटा दिसली तर घाबरू नये, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी गिळलेले थोडे रक्त असे बाहेर पडते. सतत लालभडक रक्त येणे मात्र वेगळे. ते ताबडतोब दाखवावे.

या वेळी एक गोष्ट बहुतेक पालकांना अनपेक्षित असते. आजवर बाळ ओठाच्या फटीतूनही श्वास घेत होते. आता ती फट बंद झाली आहे, नाकपुड्या आतून सुजलेल्या आहेत, आणि कधी कधी नाकाला आकार राहावा म्हणून त्यात सिलिकॉनची छोटी नळीही बसवलेली असते. त्यामुळे दोन घोटांनंतर बाळ धापा टाकल्यासारखे करते आणि तोंड फिरवते. याचा अर्थ त्याला दूध नको आहे असा घेऊ नये. थोडे थांबावे, त्याला श्वास घेऊ द्यावा आणि पुन्हा द्यावे. दोन-तीन दिवसांत सूज ओसरली की हा त्रास बराच कमी होतो.

अंगावर पाजणे

शस्त्रक्रियेनंतर लवकर अंगावर घेतल्याने टाके उसवतात, ही भीती जुनी आहे. ओठाच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच अंगावर पाजलेल्या बाळांच्या जखमाही तितक्याच चांगल्या भरून येतात, असे आतापर्यंतच्या अभ्यासांत आढळले आहे, आणि म्हणूनच आज अनेक सर्जन त्याला परवानगी देतात. स्तन मऊ असतो, तो ओठाच्या आकाराप्रमाणे बसतो, आणि बाळ शांत होते. माझ्या मते परवानगी असेल तर इतर साधनांच्या भानगडीत न पडता हाच मार्ग घ्यावा.

बाळाला सपाट आडवे धरू नये. त्याचे डोके छातीच्या पातळीवर आणि धड बरेचसे उभे, निदान ४५ अंशांत तरी, असे धरावे. मांडीवर उशी घेऊन बाळाला जवळपास बसते करून पाजणे सर्वांत सोयीचे जाते. पाजायला घेण्याआधी थोडे दूध हाताने काढून स्तनाग्राभोवतीचा भाग मऊ करावा, म्हणजे घट्ट भरलेला स्तन ओठावर दाबला जात नाही. स्तनाग्र खालच्या ओठाकडून आत जाऊ द्यावे, वरच्या ओठावरून घासत नेऊ नये. पाजून झाल्यावर बाळाला ओढून सोडवू नये. स्वच्छ करंगळी तोंडाच्या न शिवलेल्या कोपऱ्यातून हळूच आत घालून पकड सोडवावी आणि मग त्याला दूर करावे.

बोंडले, वाटी-चमचा, सिरिंज आणि बाटली

आपल्याकडच्या घरांत बोंडले किंवा गोकर्ण असतेच, आणि या कामासाठी ते उत्तम साधन आहे, कारण बाळाला ओढावे लागत नाही आणि दूध किती गेले ते दिसते. फक्त त्याची चोच गुळगुळीत आहे ना, पत्रा कुठे दुमडून धारदार झालेला नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. बोंडल्यात नेमके किती मिलिलिटर दूध मावते ते एकदा सिरिंजने मोजून ठेवावे, म्हणजे पुढे हिशेब ठेवता येतो. चमचा वापरायचा असेल तर कडा गोल असलेला, शक्यतो मऊ सिलिकॉनचा घ्यावा.

कोणतेही साधन असो, पद्धत एकच आहे. बाळाला दुपट्यात हातांसह सैलसर गुंडाळावे आणि जवळजवळ बसते धरावे. चमच्याची किंवा बोंडल्याची कड खालच्या ओठावर, ज्या बाजूला शिवण नाही त्या बाजूला टेकवावी. ती जिभेवर पुढे सरकवू नये आणि वरच्या ओठाला तिचा स्पर्श होऊ देऊ नये. थोडेसे तिरके करून दूध ओठापर्यंत आणावे आणि बाळाला ते स्वतः जिभेने घेऊ द्यावे. घशात ओतण्याचा मोह टाळावा, कारण अशाने ठसका लागतो, ठसक्याने बाळ घाबरते, आणि पुढच्या वेळी चमचा पाहूनच रडायला लागते. एक घोट गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यावा.

सिरिंज वापरायला सांगितली असल्यास ती ५ किंवा १० मिलिलिटरची, सुई नसलेली घ्यावी. बहुधा तिच्या टोकाला मऊ नळीचा छोटा तुकडा लावून दिला जातो. ते टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून एका वेळी साधारण १ मिलिलिटर दूध सोडावे. दट्ट्या जोरात ढकलू नये. हे काम कंटाळवाणे आहे आणि रात्री दोन वाजता तर फारच, म्हणून ते एकट्या आईवर न टाकता वडिलांनी आणि घरातल्या आणखी एका माणसाने ते दवाखान्यातच परिचारिकेसमोर शिकून घ्यावे.

बाटलीच्या बाबतीत मात्र परवानगीशिवाय काही करू नये. फटीच्या बाळांसाठी मिळणारी मऊ, दाबता येणारी बाटली शस्त्रक्रियेआधी वापरात असेल, तर काही सर्जन तीच पुढे चालू ठेवू देतात. अशा वेळी बाळाच्या गिळण्याच्या लयीत हलके दाबावे, सतत दाबून धरू नये. साधी कडक बुचाची बाटली आणि चोखणी या दोन्ही गोष्टी टाके निघेपर्यंत किंवा विरघळेपर्यंत दूरच ठेवाव्यात.

सर्व साधने प्रत्येक वेळी साबणाने धुऊन, पाण्याला उकळी फुटल्यानंतर १० मिनिटे उकळून घ्यावीत. सिलिकॉनच्या किंवा प्लास्टिकच्या वस्तूवर उकळण्याबाबत वेगळी सूचना असेल तर ती पाळावी.

किती आणि किती वेळा

सहा महिन्यांखालच्या बाळाला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण १५० मिलिलिटर दूध लागते. ५ किलोच्या बाळासाठी हे ७५० मिलिलिटर होते. दर तीन तासांनी, म्हणजे दिवसरात्रीत आठ वेळा पाजल्यास एका वेळी ९० ते ९५ मिलिलिटर पडते. साधा चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा धरला, तर हे अठरा-एकोणीस चमचे झाले. पहिल्या दिवशी हे गाठले जाणार नाही, दुसऱ्या दिवशी जवळ जाईल, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत बाळ आपल्या जुन्या प्रमाणावर यायला हवे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध मोजता येत नाही, परंतु लघवी मोजता येते. चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त लंगोट ओले झाले, तर दूध पुरेसे जात आहे असे समजावे.

एक पाजणे अर्ध्या तासापेक्षा जास्त लांबवू नये. पाऊण-एक तास रेंगाळणाऱ्या पाजण्यात बाळ जेवढे मिळवते त्यातले बरेचसे दमण्यातच खर्च होते. त्यापेक्षा अर्ध्या तासाने थांबून दोन तासांनी पुन्हा द्यावे.

अशी बाळे दुधाबरोबर हवाही बरीच गिळतात, म्हणून मध्ये दोनदा आणि शेवटी एकदा ढेकर काढावा. मात्र नेहमीसारखे खांद्यावर टाकू नये, कारण तेथे ओठ नेमका कापडावर घासतो. बाळाला मांडीवर बसवावे, एका हाताच्या तळव्यावर त्याची हनुवटी आणि छाती तोलावी, बोटे ओठापासून दूर ठेवावीत, आणि दुसऱ्या हाताने पाठ चोळावी. पाजल्यानंतर वीस-तीस मिनिटे त्याला उभेच धरावे.

प्रत्येक पाजण्यानंतर शिवणीची स्वच्छता

टाक्यांवर राहिलेले दूध वाळते, त्याची खपली होते, आणि त्याखाली जंतू वाढतात. म्हणून पाजून झाले की शिवण स्वच्छ करणे हे पाजण्याचाच भाग समजावे. हात साबणाने धुवावेत. औषधांच्या दुकानात मिळणारे निर्जंतुक सलाईन किंवा उकळून गार केलेले पाणी स्वच्छ छोट्या वाटीत घ्यावे, त्यात कापसाची काडी बुडवावी आणि ती शिवणीवरून हळूच लोळवत न्यावी. घासू नये. खपली चिकट असेल तर ओली काडी तिच्यावर क्षणभर टेकवून ठेवावी, ती मऊ होऊन निघते. नखाने मुळीच काढू नये. त्यानंतर सर्जनने दिलेले मलम अगदी पातळ लावावे. पाजल्यावर तोंड धुतले जावे म्हणून काही सर्जन एक-दोन चमचे उकळून गार केलेले पाणी पाजायला सांगतात. सांगितले असेल तर तेवढेच द्यावे, कारण सहा महिन्यांखालच्या बाळाचे पोट पाण्याने भरले तर दुधाला जागा उरत नाही.

हळद, साजूक तूप, एरंडेल यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. अंबाबाईचे कुंकू किंवा ज्योतिबाचा गुलाल श्रद्धेने आणला असेल तर तो आईने स्वतःच्या कपाळी लावावा. बाळाच्या चेहऱ्यावर या दिवसांत कोणतीही पूड नको, आणि गालावरची काजळाची तीटही नको.

न विरघळणारे टाके बहुधा पाच ते सात दिवसांत काढतात. विरघळणारे असतील तर त्यांचे बारीक तुकडे आपोआप पडतात. एखादा धागा लोंबताना दिसला तर तो ओढू नये आणि कापूही नये.

दुखणे आणि औषधाचे माप

दुखत असलेले बाळ पीत नाही, म्हणून पहिले दोन-तीन दिवस वेदनाशामक औषध पाजण्याच्या अर्धा तास आधी पोटात जाईल अशी वेळ बसवावी. सामान्यतः पॅरासिटामॉल दिले जाते आणि त्याचे माप दर किलोमागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम असते. किती तासांच्या अंतराने आणि दिवसात किती वेळा द्यायचे, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणेच असावे.

येथे एक धोका ठळकपणे सांगायला हवा. लहान बाळांसाठीच्या पॅरासिटामॉलच्या थेंबांमध्ये १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या १२५ च्या, म्हणजे ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असलेल्या, सिरपमध्ये तेवढेच औषध ४ मिलिलिटरमध्ये असते. म्हणजे सिरपचे माप थेंबांच्या बाटलीतून घेतले तर बाळाला चौपट औषध जाते, आणि उलट केले तर पाव औषध जाऊन बाळ रडत राहते. घरात आधीची उरलेली बाटली असेल तर ती वापरू नये. चिठ्ठीवर मिलिलिटर आणि औषधाचे नेमके नाव दोन्ही असल्याची खात्री करून घ्यावी. ॲस्पिरिन बाळाला कधीही देऊ नये.

हात, झोप आणि न्हाणे

बाळाचा हात ओठाकडे जाणारच. कोपर वाकू नये म्हणून काही सर्जन दोन्ही हातांना पट्ट्या बांधून देतात, काहींना त्याची गरज वाटत नाही. दिल्या असतील तर एका वेळी एकच पट्टी सोडून, हात धरून ठेवत, दिवसातून तीन-चार वेळा तो हात मोकळा हलवावा आणि बोटे थंड किंवा निळसर पडलेली नाहीत ना हे पाहावे. झोपवताना पाठीवर झोपवावे. पालथे मुळीच घालू नये.

आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई कुशल असतात, परंतु नाक वर ओढून सरळ करणे, गाल-हनुवटी चोळणे आणि तोंडात बोट फिरवणे हाही त्यांच्या हातखंडा कामाचा भाग असतो. नव्याने शिवलेल्या ओठाला आणि नाकाला हे मुळीच सहन होणारे नाही. अंग आणि पाय चोळायला हरकत नाही. चेहऱ्याला मात्र सर्जनने सांगेपर्यंत कोणीही हात लावू नये, आणि डोक्यावरून पाणी ओतताना ते तोंडावर येऊ देऊ नये. पुढे काही आठवड्यांनी सर्जन स्वतःच वणाला मालीश कसे करायचे ते शिकवतात, ती गोष्ट वेगळी. ओवा-बाळंतशेपाची धुरीही या दिवसांत बंद ठेवावी, कारण धुराने खोकला येतो. पाहुणे बाळाला पाहायला येतात, त्यांना मुका घेऊ देऊ नये, आणि सर्दी असलेल्याला दारातूनच नमस्कार करावा.

घरच्या सल्ल्यांबद्दल

कोल्हापुरात अशक्तपणावरचा पहिला उपाय म्हणजे दूध. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेले म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन तालमीतले पैलवान तयार होत असतील, पण चार महिन्यांच्या बाळासाठी ते योग्य नाही. म्हशीच्या दुधातली प्रथिने आणि क्षार त्याच्या मूत्रपिंडांना जड जातात आणि न तापवलेल्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत दूध द्यायचे ते आईचेच, आणि ते पुरत नसल्यास डॉक्टरांनी सांगितलेले पावडरचे. पावडर डब्यावरच्या मापानेच कालवावी. बाळ लवकर वाढावे म्हणून ती घट्ट करू नये आणि डबा पुरवण्यासाठी पातळही करू नये. एकदा उष्टावलेले दूध तासाभरानंतर टाकून द्यावे. मध तर एक वर्षापर्यंत चाटणापुरताही देऊ नये, आणि गुटी उगाळून चाटवण्यासाठी शिवलेल्या ओठावरून बोट नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आईच्या ताटावरही बंधने येतात. आंबट खाल्ले तर बाळाची जखम चिघळते, मटण खाल्ले तर पू धरतो, असे सांगितले जाते. आईच्या जेवणाचा बाळाच्या टाक्यांशी असा काही संबंध नाही. उलट दूध काढून पाजणाऱ्या बाईला दोन घास जास्तच लागतात, त्यामुळे भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी आणि घरात होत असेल तर रस्सासुद्धा तिने पोटभर खावा. ग्रहणात काही चिरले म्हणून ओठ असा झाला, हा आरोपही अजून अनेक घरांत ऐकू येतो. त्याला कोणताही आधार नाही. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत चेहऱ्याचे भाग जुळून येतात आणि ते पूर्ण जुळले नाहीत की फट राहते. सतत बोल खाणारी, उपाशी-अर्धपोटी आई दिवसातून आठ वेळा धीराने चमचा धरू शकत नाही, हे घरातल्या मोठ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

बाळ सहा महिन्यांहून मोठे असल्यास

काही कारणाने शस्त्रक्रिया उशिरा झाली असेल आणि बाळ वरचे खात असेल, तर दोन-तीन आठवडे सर्व काही गुळगुळीत आणि कोमट असावे. नाचणीचे सत्त्व, गाळलेली भाताची पेज, चांगली घोटलेली मुगाची डाळ, कुस्करलेले केळे हे चालते. नुसत्या डाळीच्या पाण्याने पोट भरत नाही, त्यात डाळ घोटून घालावी आणि थोडे तूपही घालावे. भाकरीचा पापुद्रा, बिस्किट, चुरमुरे, टोस्ट असे टोचणारे काहीही हातात देऊ नये. चमचा वरच्या ओठाला पुसत बाहेर काढण्याची सवय सर्वांनाच असते, ती येथे आवर्जून टाळावी लागते.

टाळूही दुभंगलेली असल्यास

फक्त ओठ दुभंगलेला असेल, तर शस्त्रक्रियेनंतर बाळाचे ओढणे बरेच सुधारते. तोंडातली टाळूही दुभंगलेली असेल, तर ओठ शिवल्यानंतरही बाळाला तोंडात पोकळी निर्माण करून दूध ओढता येत नाही आणि दूध नाकातून येणे चालूच राहते. याचा अर्थ शस्त्रक्रिया फसली असा नाही. टाळूची शस्त्रक्रिया वेगळी असते आणि बहुधा ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान केली जाते. तोपर्यंत बसते धरून पाजणे, थोडे थोडे देणे आणि आधीचेच साधन वापरणे चालू ठेवावे. नाकातून दूध आले की थांबावे, मऊ कापडाने टिपावे आणि बाळाचा श्वास स्थिरावल्यावर पुन्हा सुरू करावे. अशा बाळांना कानाचे संसर्ग वारंवार होतात, म्हणून आडवे झोपवून पाजणे त्यांच्या बाबतीत विशेष टाळावे.

केव्हा थांबू नये

पुढीलपैकी काहीही दिसले तर फोनवर सल्ला घेत न बसता बाळाला दवाखान्यात न्यावे: आठ तासांत लघवी न होणे, डोक्यावरची टाळू खोल गेलेली दिसणे, लागोपाठ दोन-तीन पाजण्यांना तोंडही न लावणे, प्रत्येक घोटाला ठसका लागणे, १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, शिवणीतून पिवळा स्राव किंवा वास येणे, शिवण उघडल्यासारखी दिसणे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ गॉजने पाच-दहा मिनिटे हलका दाब द्यावा आणि तसेच निघावे. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा ओठ, जीभ निळसर पडत असतील तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

चंदगड, आजरा, भुदरगड, गगनबावडा येथून कोल्हापुरात येणाऱ्यांनी घरी सोडताना परतीच्या प्रवासाचाही विचार करावा. चंदगडचा रस्ता शंभर किलोमीटरहून लांब आहे, त्यामुळे निघण्याआधी बाळाला पाजून, ढेकर काढून, औषध देऊन मगच एसटीत बसावे. धावत्या गाडीत चमच्याने पाजू नये, कारण एका खड्ड्याने चमचा थेट शिवणीवर जाईल. गाडी थांबेल तेथेच पाजावे. जुलै-ऑगस्टमध्ये टाके काढायची तारीख असेल तर पंचगंगेच्या पाण्याकडे लक्ष ठेवावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराकडे येणारे रस्ते बंद पडले होते. अशी चिन्हे दिसत असतील तर एक-दोन दिवस आधीच नातेवाइकांकडे मुक्कामाला यावे, किंवा गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात टाके काढता येतील का ते सर्जनना आधी विचारून ठेवावे. पूर ओसरल्यानंतर नळाला येणारे पाणी उकळल्याशिवाय बाळाच्या कोणत्याही भांड्याला लावू नये.

खर्चासाठी शस्त्रक्रिया लांबवण्याची गरज नसते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाकडून किंवा छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, म्हणजेच सीपीआर, येथील बालरोग विभागातून पुढची दिशा मिळू शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दलही तेथेच चौकशी करावी. स्माईल ट्रेन ही संस्था देशातल्या सहयोगी रुग्णालयांमार्फत अशा शस्त्रक्रिया मोफत करवून देते. टाळूची शस्त्रक्रिया बाकी असेल तर तिच्या तारखेची नोंद ओठाचे टाके काढायला जाल त्याच दिवशी करून घ्यावी, आणि तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी अंगणवाडीच्या काट्यावर बाळाचे वजन करून लिहून ठेवावे. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचे वजन दिवसाला सरासरी १५ ते २० ग्रॅमने वाढायला हवे. पंधरा दिवसांत २०० ग्रॅमही वाढले नाहीत, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तीच वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे.